खबर देणारी बाई

उमरखेडच्या तहसीलसमोर टेबल टाकून मी सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितो आहे. वारसनोंद, फेरफार, उत्पन्नाचा दाखला, जन्माची नक्कल. लोक अर्जनवीस म्हणतात, म्हातारी माणसं अजून ‘मुन्शीजी’ म्हणतात. मला दोन्ही चालतं.

उन्हाळा सरत आला, मुलांचे निकाल लागले, की माझ्या टेबलापुढं कोतवाल बुकाची गिऱ्हाइकं वाढतात. कोतवाल बुक म्हणजे गावातले जन्म आणि मृत्यू लिहून ठेवायची जुनी वही. त्या वहीत आजोबा-पणजोबांच्या नावापुढं जात लिहिलेली असते, आणि पोरांच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची तर तो कागद लागतोच. अशा नक्कला मी दुसऱ्यांसाठी किती काढल्या याचा हिशेब नाही. स्वतःच्या घराची मात्र एकही काढलेली नव्हती. आमच्या घरात तोवर कुणी पडताळणी लागेल इतकं शिकलंच नव्हतं.

माझी मुलगी बारावी झाली आणि तिनं फार्मसीला जायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा मी माझ्याच नावानं अर्ज लिहिला. या लिखाणात मी कुणाची नावं घेणार नाही. ज्यांच्याबद्दल सांगतो आहे, त्यांतल्या दोघांना आपलं नाव मिरवणं कधी आवडलं नाही.

वडिलांबद्दल घरात जे सांगितलं जायचं ते एवढंच. त्यांचा जन्म फुलसावंगीचा. त्यांची आई बाळंतपणात गेली. आजोबा तेव्हा वणीकडं कोळशाच्या खाणीत कामाला होते. आईविना लेकराला आजोबांच्या बहिणीनं, म्हणजे वडिलांच्या आत्यानं, ढाणकीला नेऊन वाढवलं. वडील सात वर्षांचे झाल्यावर आजोबांनी दुसरं लग्न करून त्यांना वणीला नेलं. पुढं वडील बांधकाम खात्यात रस्त्यावर मजूर म्हणून लागले, उमरखेडला आले, आणि खड्डे बुजवता बुजवता निवृत्त झाले. आज ते पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. दर पितृपक्षात ते त्या आत्याच्या नावानं एक पान वेगळं काढतात. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, “आत्या दिसायला कशी होती?” ते म्हणाले होते, “याद नाही बा,” आणि त्या दिवशी नीट जेवले नव्हते. ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

जुन्या काळी ही सगळी गावं पुसद तालुक्यात होती, म्हणून दप्तर पाहायला पुसदला गेलो. तिथं अभिलेख सांभाळणाऱ्या बाईंशी माझी कामानिमित्त ओळख. त्यांनी फुलसावंगीची वही लाल फडक्यातून सोडली, टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाल्या, “हळूच पलटवा, भाऊ. पानं पापडासारखी झाली आहेत.”

अर्ध्या तासात नोंद सापडली. आजोबांचं नाव, जात, धंदा मजुरी, मुलगा. तेव्हा वहीत बाळाचं नाव लिहायची पद्धत नव्हती, नुसतं ‘मुलगा’ लिहीत. माझं काम झालं होतं. जातीचा रकाना स्वच्छ होता. मी पान क्रमांक टिपून घेतला आणि उठायच्या तयारीत होतो, तर बाई म्हणाल्या, “थांबा. खाली अजून एक ओळ तुमचीच दिसते.”

मी पाहिलं. मृत्यूच्या भागात अकरा दिवसांनंतरची नोंद होती. आजोबांची बायको, वय वीस, कारण बाळंतरोग. ही माझी आजी. तिचा फोटो नाही, तिचं माहेर कुठलं हेही आम्हाला धड माहीत नाही. ‘वय वीस’ हे दोन शब्द मी चारदा वाचले. माझी मुलगी तेव्हा अठराची होती.

“आता शेवटचा रकाना पाहा,” बाई म्हणाल्या.

शेवटचा रकाना खबर देणाऱ्याचा असतो. बहुतेक ठिकाणी बाप, चुलता, नाहीतर खुद्द कोतवालच असतो. इथं दोन्ही ओळींपुढं एकच नाव होतं, आणि ते बाईचं होतं. पुढं लिहिलं होतं : पिंजाऱ्याची बायको. म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणाऱ्या मुसलमानाच्या घरची.

“तुमच्या घरचं कुणी नव्हतं का गावात?” बाईंनी विचारलं.

“आजोबा वणीला होते.”

“तरी बाईनं जाऊन खबर लिहवायची, तीही त्या काळात,” त्या म्हणाल्या, आणि मी न मागता मागची दोन-तीन पानं सावकाश चाळू लागल्या. जन्माच्या आधी दीड-दोन महिने त्याच पिंजाऱ्याच्या घरी मुलगी झाल्याची नोंद होती. बाईंनी त्या ओळीवर पेन्सिलीचं मागचं टोक ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. त्या बाईच्या अंगावर तेव्हा दूध होतं, एवढंच आम्हा दोघांच्या मनात आलं असावं.

त्यांचं काम जातीच्या रकान्याशी संपलं होतं. त्यांनी वही बांधून ठेवली असती तर मी आनंदानं घरी गेलो असतो आणि हे काहीच घडलं नसतं.

घरी आलो तेव्हा वडील ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाबा, तुमच्या लहानपणी शेजारी कुणी पिंजारी राहत होते काय?”

“होते ना. बूबू होती. काहून?”

“बूबू कोण?”

“शेजारीण. तिले सारेच बूबू म्हणत.” त्यांचे हात थांबले. “तिच्या केसात कापूस राहे नेहमी. म्या मांडीवर बसून एक एक काढत राहो. डाव्या हाताची करंगयी वाकडी होती तिची. भाकर थापे तं ते करंगयी बाजूले राहे. आंगणात पिंजण टांगलेलं राहे, पिंजाची कमान ते, तिले म्या हात लावला का ओरडे, पण मारलं नाही कधी. तिची पोरगी माह्यासंगं खेये.”

“आन् आत्या?”

ते म्हणाले, “तेच तं हाये ना. जिनं वाढवलं तिचं मले काहीच याद नाही, आन् शेजारणीचं सारं याद हाये. मले वाटे, आपण लय नमकहराम माणूस हाओ.”

साठ-पासष्ट वर्षं हे त्यांनी मनात ठेवलं होतं. मी खिशातून टिपण काढलं आणि त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “ढाणकीच्या शायेत माहं नाव असन. पाह्यतं काय?”

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं ढाणकीला गेलो. बाजाराचा दिवस होता, शाळेपर्यंत पोचायलाच वेळ लागला. मुख्याध्यापिका तरुण होत्या. त्यांच्यापुढं दुपारच्या जेवणाचा तांदूळ, कसलीशी ऑनलाइन माहिती, असा कामांचा ढीग होता. तरी वडिलांचं वय पाहून त्यांनी स्वतः कपाट उघडलं. जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. त्यात मूल शाळेत कधी आलं, कधी गेलं, का गेलं, हे सगळं असतं.

“आजोबा, तुम्हीच शोधा,” असं म्हणून त्यांनी रजिस्टर वडिलांपुढं सरकवलं. वडिलांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवत ठेवत खाली येऊ लागले. एका ओळीवर बोट थांबलं.

त्यांचं नाव. आजोबांचं नाव. जात आमचीच. पुढं पालकाचं नाव या रकान्यात तेच, कोतवाल बुकातल्या बाईचं. नातं : सांभाळणारी. धंदा : पिंजारी काम. शाळा सोडल्याचं कारण : वडील वणीस घेऊन गेले.

त्या काळच्या गुरुजींनी ‘सांभाळणारी’ हा शब्द लिहिला, याचं मला आजही नवल वाटतं. आत्या त्याच गावात होती, तिच्या नवऱ्याचं नाव टाकून ते मोकळे झाले असते. कुणी विचारायला येणार नव्हतं. पण जी बाई लेकराचं बोट धरून समोर उभी राहिली, तिचंच नाव त्यांनी लिहिलं. रोज कागद लिहिणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. मी मनातल्या मनात त्या अनोळखी गुरुजींना हात जोडले.

वडील रजिस्टरावरून मान वर करेनात. मुख्याध्यापिकांनी पाणी मागवलं. पाणी पिऊन ते एवढंच बोलले, “म्हणजे मी तिच्याच घरी होतो. शेजारीण नव्हती ते.”

शाळेतून निघाल्यावर त्यांनीच रस्ता दाखवला. गाव बदललं होतं, तरी एका बोळापाशी ते न चुकता वळले. तिथं गाद्यांचं दुकान होतं. आता मशीनवर कापूस पिंजतात, आत धूळ उडत होती. नाकाला रुमाल बांधलेला पन्नाशीचा माणूस बाहेर आला. मी बूबूचं नाव घेतलं तसं त्यानं मशीन बंद केली.

“माझी चुलत आजी,” तो म्हणाला. “तुम्ही कोण?”

वडिलांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. म्हणाले, “मी तिच्याजवळ होतो. लहान असतानी.”

तो माणूस वडिलांकडं टक लावून पाहू लागला. “वणीवाले?” त्यानं विचारलं. “फूफीचा दूधभाऊ? या, बसा, बसा ना!” आणि आत ओरडला, “चहा ठेवा, फूफीचा भाऊ आला आहे!”

आम्हाला काही कळायच्या आत त्यानं फोन लावला होता. बूबू जाऊन तीस वर्षं झाली होती. पण तिची मुलगी, कोतवाल बुकात वडिलांच्या आधी दोन महिने नोंदलेली ती मुलगी, हयात होती. तीच याची फूफी, म्हणजे आत्या. ती वणीला होती. मुसलमानांत एका आईचं दूध प्यायलेली मुलं सख्खी भावंडं मानतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण आपल्या वडिलांना अशी एक बहीण आहे, आणि तिच्या घरातल्या लहानथोरांनाही ते ठाऊक आहे, फक्त आम्हालाच नाही, हे ऐकून मी गोंधळून गेलो.

फोन वडिलांच्या हातात दिला. पलीकडून बाईचा आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका मोठा, “कोण? खरंच तू हाएस काय रे?”

वडील म्हणाले, “हाओ.” मग गादीवाल्यानं फोन घेतला आणि सांगितलं, “येतात ते वणीला. मी सांगतो त्यांना.”

आम्ही दोन दिवसांनी निघालो. उमरखेडहून वणी म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडायचा. वडिलांनी नवा सदरा घातला. यवतमाळच्या बसस्थानकावर गाडी बदलताना त्यांनी पेढे घेतले, मग म्हणाले हे कमी होतात, आणि परत जाऊन आणखी घेतले. पुढं कोळशाच्या ट्रकांची रांग लागली, गाडी रखडली. ते दर दहा मिनिटांनी विचारत होते, “किती राह्यलं?” या रस्त्यानं ते पहिल्यांदा गेले तेव्हा सात वर्षांचे होते.

तिच्या नवऱ्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, आता मुलगा चालवतो. घर मागच्या बाजूला. ती दारातच खुर्ची टाकून बसली होती. सकाळपासून बसली होती म्हणे. वडिलांना पाहून उठायला लागली, गुडघ्यानं साथ दिली नाही, तर बसल्या बसल्याच तिनं दोन्ही हात पुढं केले.

“आला? लई देर केली रे,” ती म्हणाली.

वडील तिच्या पायाशी खाली जमिनीवर बसले. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, माझी आई गेली तेव्हाही नाही. ती त्यांच्या डोक्यावर हात फिरवत राहिली. तिच्या सुनेनं माझ्या हातातले पेढे घेतले आणि मला हळूच म्हणाली, “राहू द्या त्यांना. आपण आत बसू.”

त्या दुपारी तिनं जे सांगितलं ते कुठल्याही वहीत नव्हतं.

माझी आजी आजारी पडली तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. बूबू शेजारी. तिनं एका बाजूला आपली मुलगी आणि दुसऱ्या बाजूला हा मुलगा असं दोघांना पाजलं. आजी गेली. आजोबांना खबर पोचून ते येईपर्यंत पंधरा दिवस झाले होते. ढाणकीची आत्या आली होती, पण तिच्याच पदरात पाच लेकरं, आणि दूध कुणाच्याच अंगावर नाही. बूबू म्हणाली, पितं लेकरू आहे, चालायला लागेपर्यंत राहू द्या. पुढं पिंजाऱ्यांनी ढाणकीच्या बाजारात दुकान मांडलं, तेव्हा ते लेकरू त्यांच्यासोबतच गेलं. चालायला लागलं, पळायला लागलं, शाळेत गेलं.

“तुझा बाप दर दिवाळीले येत जाय,” ती वडिलांना म्हणाली. “एकाच ताग्याचा कपडा आणे. तुले सदरा, मले झगा. लोकं हसत, हे जुळे हाएत काय म्हणून. तू त्याच्याजवळ जात नव्हता. तो पायरीवर बसून राहे, दुरून पाहे, चहा पिऊन निघून जाय.”

आजोबांबद्दल आमच्या मनात थोडा राग होता. लेकरू टाकून खाणीत राहिलेला माणूस, असं आम्ही त्यांना समजत आलो होतो. दर वर्षी एवढ्या लांबून येऊन पायरीवर बसून राहणारा माणूस आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता.

“मग आत्यानं वाढवलं, हे कुणी काढलं?” मी विचारलं.

“अम्मानं,” ती वडिलांकडं पाहत म्हणाली. “तुझा बाप न्यायले आला तेव्हा अम्मानंच त्याले सांगतलं. आत्याच्या घरी वाढला, असं सांगजा साऱ्याले. नाही तं बिरादरी नावं ठेवन, उद्या या लेकराले पोरगी कोण देईन? तुझा बाप ऐकत नव्हता. म्हणे, खोटं कायले बोलू, बूबू? अम्मा म्हणे, माहं नाव घेऊन काय करतं, लेकराचं पाह्य.”

वडील खाली मान घालून ऐकत होते.

“तू गेला, तं अम्मा चार दिवस कोणासंगं बोलली नाही,” ती म्हणाली. “नुसत्या गाद्या शिवत राह्यली.”

पुढचं थोडक्यात. तिचं लग्न ठरायच्या वेळी वणीचं स्थळ आलं आणि बूबूनं लगेच होकार दिला, तिथं तुझा भाऊ आहे म्हणून. ती लग्न होऊन आली तेव्हा वडील रस्त्याच्या नोकरीला लागून वणी सोडून गेलेले होते. तिनं नवऱ्याला खाणीवर चौकशीला पाठवलं. आजोबा वारले होते, सावत्र आजी माहेरी गेली होती, पोरगा कुठंसा सरकारी रस्त्यावर आहे एवढंच कळलं. “मंग मी काय करणार?” ती म्हणाली. “गावाबाहेर रस्त्यावर मजूर दिसले का पाहत जाऊ. पण तुले वयखलं असतं तरी कसं?”

एवढं बोलून झाल्यावर ती एकदम हसली आणि म्हणाली, “बरं, आता मले आपा म्हण. मी मोठी हाओ.”

“तू कायची मोठी? मीच मोठा दिसतो,” वडील म्हणाले.

मग मी मध्ये पडलो. सांगितलं की पुसदच्या दप्तरात लेखी आहे, ती दोन महिन्यांनी मोठी आहे. ती इतकी खूष झाली की सुनेला बोलावून मला तेच पुन्हा सांगायला लावलं. आणि मला म्हणाली, “तू काय बाई-बाई करून राह्यला? आत्या म्हण मले.”

संध्याकाळी तिचा मुलगा आम्हाला कब्रस्तानात घेऊन गेला. बूबूनं शेवटची वर्षं मुलीकडंच काढली होती. कबर साधी मातीची, डोक्याशी एक दगड, त्यावर नाव नाही. वडिलांना तिथं काय करायचं ते कळेना. नमस्कार करावा, फूल वाहावं, काय चालतं काय नाही. त्यांनी तिच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, “मामा, तुमच्या मनाला येईल ते करा. ती तुमची अम्मा आहे.”

वडील कबरीशेजारी बसले. उगवलेलं गवत त्यांनी एका बाजूनं हातानं काढायला सुरुवात केली, सावकाश, एकेक काडी. आम्ही दोघं लांब उभे राहिलो. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ते बोलत होते.

मुलीची पडताळणी त्या महिन्यात झाली. ती आता यवतमाळला शिकते. सुट्टीत घरी यायच्या आधी ती कधी कधी वणीला उतरते, आणि गुडघ्याला लावायचं काहीबाही घेऊन जाते. वडील दोन दिवसांसाठी म्हणून आपाकडं जातात आणि आठ दिवस राहतात. मागच्या खेपेला मी फोन करून विचारलं, “कधी येता?”

“आपा जाऊ देऊन नाही राह्यली,” ते म्हणाले. मागून तिचा आवाज आला, “खोटं बोलून राह्यला तो! त्यालेच जायचं नाही.”

आजकाल कुणी कोतवाल बुकाच्या नक्कलेसाठी माझ्या टेबलापाशी आलं, की मी त्यांना सांगतो, जातीचा रकाना सापडला म्हणून वही लगेच बंद करू नका. खबर कुणी दिली, तेही एकदा वाचा. काही लोक हसतात, त्यांना घाई असते. काही परत येऊन सांगतात.